उमाटेबाईंची बाज

कुणाच्या घरी म्हातारं माणूस असलं, की आत शिरताच माझी नजर आधी पाण्याचा लोटा शोधते. माणसाकडे मी नंतर बघते. माझ्या नवऱ्याला याची चारचौघांत लाज वाटते. "तू पाहुणी म्हणून आलीस की फौजदार म्हणून?" असं तो परतताना विचारतो. माझा इलाज नाही. ही खोड उमाटेबाईंनी लावली आणि त्यांनी लावलेली खोड काही केल्या सुटत नाही.

वर्ध्याला समाजकार्याच्या कॉलेजात मी दाखल झाले ती आणीबाणीच्या आदल्या वर्षी. दोन वर्षांत पोरगी सरकारी नोकरीला लागेल, असं घरच्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. सेवा, त्याग वगैरे शब्द मी मुलाखतीपुरते पाठ केले होते. बाकीचे प्राध्यापक वर्गात शिकवत, उमाटेबाई गावात शिकवत. पूर्ण नाव कौसल्याबाई उमाटे. शिक्षण सातवी. तरुणपणीच नवरा गेलेला, मूलबाळ नाही, वीस वर्षं ग्रामसेविकेची नोकरी करून निम्मा जिल्हा पायाखाली घातलेला. आम्हाला गावात फिरवायला कोणीतरी हवं म्हणून कॉलेजनं त्यांना ठेवून घेतलं होतं. म्हातारी माणसं हा विषय तेव्हा एकाही प्राध्यापकाला नको होता, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला.

बाई ठेंगण्या, काळ्या, हाडकुळ्या. अंगावर खेड्यातल्या बायका नेसतात तसलं लुगडं, पायात टायरच्या चपला. खांद्याला एक मळखाऊ पिशवी आणि तिच्यात खोबरेल तेलाची बाटली, नखं कापायची कात्री, जुन्या धोतराच्या घड्या आणि जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा एक पोचे पडलेला लोटा. एखाद्या घरी म्हाताऱ्याजवळ पाणी नसलं, तर बाई काही न बोलता स्वतःचा लोटा भरून त्याच्या उशाशी ठेवायच्या आणि पुढच्या खेपेला परत घ्यायच्या. तो कोणी ढापला नाही, कारण ढापण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला वर्गातल्या शहाबादी फरशीवर झोपवलं. रोज एकाची पाळी. तासभर उताणं पडायचं, उठायचं नाही, काही हवं असलं तर मागायचं. बाकीच्यांना ताकीद होती की त्यांनी आपापसांत बोलत राहायचं, पडलेल्याच्या अंगावरून ये-जा करायची आणि त्याचं ऐकायचं नाही. आम्ही खूप हसलो. माझी पाळी आली तेव्हाही दहा मिनिटं मी हसतच होते. मग पाठ थंड पडली. मी पाणी मागितलं, कोणी दिलं नाही. माझी मैत्रीण माझ्या डोक्यापाशी उभी राहून दुसरीला म्हणाली, "हिचं काय करायचं आता?" तिला तसं बोलायला सांगितलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी डोळ्यांत पाणी आलं आणि त्या मैत्रिणीशी मी दोन दिवस अबोला धरला.

तास संपल्यावर बाईंनी विचारलं, "देवतळे, काय दिसलं तुले?"

"पाय," मी म्हणाले.

"बस. बुढ्याले बी तेवढंच दिसते. कोण आलं ते तो पायावरून वळखते. म्हणून गेल्याबरोबर खाली बसाचं. उभ्यानं बोलाचं नाई."

त्यांचं दुसरं वेड नकाशाचं होतं. प्रत्येक भेटीच्या अहवालात पहिल्या पानावर घराचा नकाशा काढायचा. खाटेला आमच्याकडे बाज म्हणतात. नकाशात बाजेसाठी एक चौकोन आणि लोट्यासाठी एक ठिपका. पुढच्या भेटीत पुन्हा नवा नकाशा. हे ड्रॉइंग कशाला, असं आम्ही कुरकुरत होतो. चार महिन्यांनी बाईंनी सगळ्यांच्या वह्या मागवल्या आणि नकाशे एकापुढे एक उघडून ठेवले. एका म्हातारीचा चौकोन आधी मधल्या घरात होता, मग दाराजवळ, मग सपरीत म्हणजे पुढच्या पडवीत, आणि डिसेंबरात कोठ्यात, ढोरांशेजारी. वहीत मजकूर मात्र चारही वेळा एकच होता : "कुटुंबीयांचे संबंध समाधानकारक."

"बाज एका दिवसात बाहेर नाई जात," बाई म्हणाल्या. "कधी पाव्हणे येते, कधी लग्न निघते, कधी लेकराची दहावी राह्यते. मंग पाव्हणे जाते, लग्न होऊन जाते, पण बाज काही आत येत नाई. त्यात कोणी वंगाळ नसते. वंगाळ माणूस शोधाले जासान तं हात हलवत याल."

हे मी वहीत उतरवून घेतलं. उतरवून घेणं मला छान जमायचं.

माझ्या वाट्याला पिपरी मेघेतला एक म्हातारा आला होता. पिपरी तेव्हा वर्ध्याला लागून असलेलं साधं खेडं होतं. म्हातारा जन्मभर सुतारकाम केलेला, ऐंशीच्या घरात. मुलगा शेतकरी, सून शांत, घर नेटकं. म्हातारा गप्पिष्ट होता. माझ्या नावापेक्षा माझ्या वडलांच्या घराचे दरवाजे सागाचे आहेत की आडजातीच्या लाकडाचे, यात त्याला जास्त रस होता. पौषातल्या एका मंगळवारी मी गेले तर घरात बायाबापड्या जमलेल्या. म्हातारा जमिनीवर घोंगडीवर निजलेला, उशाशी तुळशीचं पान आणि गंगाजळाची कुपी. माणूस जायला टेकला की त्याला बाजेवरून उतरवून भुईवर निजवतात. बाजेवर प्राण गेला तर गती मिळत नाही, असं मानतात. याला आमच्याकडे "खाली घेणं" म्हणतात.

"खाली घेतलं," मुलगा मला हळूच म्हणाला. "आता काही नाई राह्यलं."

सून कापसाच्या बोळ्यानं म्हाताऱ्याचे ओठ ओले करत होती. त्यानं माझ्या पायांकडे बघितलं आणि ओठ हलवले. मला वाटलं, तो देवाचं नाव घेतो आहे. मी हात जोडून अर्धा तास बसले आणि जड मनानं परत आले. अहवालात लिहिलं : "अंत्यसमयी संपूर्ण कुटुंब रुग्णाजवळ आहे. कार्यकर्तीने परंपरेचा आदर राखून मौन पाळले." या वाक्याचा मला अभिमान वाटला होता, हे आज कबूल केलेलं बरं.

गुरुवारी बाईंनी तो अहवाल वाचला. "नकाशा कोठी हाये?"

"बाई, त्यांना खाली घेतलं होतं. बाज नव्हतीच."

"कोणत्या दिवशी खाली घेतलं?"

मी विचारलं नव्हतं.

"पाणी कोणत्या हाताशी होतं?"

मी पाहिलं नव्हतं. बाईंनी वही मिटली, पिशवी उचलली आणि चालू लागल्या. मी त्यांच्या मागे अक्षरशः धावत होते. पिपरीला पोचलो तेव्हा अंगणात बांबू आणून टाकलेले होते. म्हातारा त्या दिवशी पहाटे गेला होता.

बाई मुलाशेजारी खाली बसल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "शनिवारी खाली घेतलं होतं. लय चिवट निंघाला बुढा. पयले दोन दिवस तं चांगला बोले. भाकर मांगे."

"मंग?"

त्यानं बाईंकडे नवलानं पाहिलं. "खाली घेतलेल्याले कोणी भाकर देते काय, बाई?"

त्याच्या आवाजात कपट नव्हतं. बापासाठी तो रडला होता, डोळे सुजलेले होते. शनिवारी म्हाताऱ्याची दातखीळ बसली म्हणून चार शहाण्यांनी त्याला खाली घ्यायला लावलं. तासाभरानं म्हातारा शुद्धीवर आला. पण एकदा खाली घेतलेलं माणूस पुन्हा वर ठेवायचं म्हणजे मरण घरात अडवून धरायचं, असं सगळ्यांच्या मनात. कोणी उचला म्हणालं नाही आणि पौषातल्या थंडीत तो सहा दिवस भुईवर पडून राहिला. मी गेले तो चौथा दिवस होता. ते ओठ देवाचं नाव घेत नव्हते.

परतताना बाई कॉलेजच्या फाटकाशी वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाये तुह्यं." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्यानंतर कित्येक वर्षं वाटत राहिलं.

पुढच्या वर्षी त्यांनी मला जामला नेलं. जाम म्हणजे हमरस्त्यांचा तिठा. ट्रक, चहाच्या टपऱ्या आणि दिवसभर धूळ. तिथल्या एका टपरीवाल्याच्या आईला आदल्या दिवशी खाली घेतलं होतं आणि म्हातारी चांगली टकाटका बघत होती. बाई तिच्या डोक्याशी मांडी घालून बसल्या, तोंडावरून हात फिरवला, आणि दोन्ही हात तिच्या खांद्यांखाली घातले. मग मान वर न करता शांतपणे म्हणाल्या, "पायाशी कोण येते?"

मी पुढे सरकले. बाईंनी नुसत्या डोळ्यांनी मला जागेवर बसवलं.

कोणी आलं नाही. बाईंनी हात काढले नाहीत. रागावल्या नाहीत, समजावलं नाही, परंपरेवर भाषण तर नाहीच. मधूनमधून तेवढंच विचारत, "पायाशी कोण येते?" बाहेर ट्रक जात होते, घरात माणसं एकमेकांकडे बघत होती. एक आजोबा काठी आपटून निघून गेले. तास होत आला तेव्हा टपरीवाला मुलगा मोठ्यानं रडत, बाईंना वाईट वाईट बोलत पुढे आला आणि त्यानं आईचे पाय धरले. दोघांनी म्हातारीला बाजेवर ठेवलं. बाईंनी लोटा उजव्या हाताशी ठेवला आणि तिच्याकडून एकदा उचलून घेतला.

"आपण दोघी उचलल्या असत्या," मी नंतर म्हणाले.

"अन् आपण मोटारीत बसल्यावर त्यायनं पुन्हा खाली ठिवली असती. घरच्याचा हात लागला पाह्यजे, देवतळे. आपल्या हातानं उचललेलं माणूस आपलं राह्यते, त्यायचं नाई होत."

गोष्ट इथं गोड झाली असती तर मीही ती वर्गात मिरवली असती. म्हातारी पुढं तीन वर्षं जगली. बाई भेटायला गेल्या की ती भिंतीकडे तोंड करायची. "या सटवीनं मले वापस वढलं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिचं अंथरुण रोज भरायचं. सून चांगली होती, पण एकदा धुण्याच्या दगडावरून उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुमी उचलून गेल्या. धुतो मी."

बाईंनी पदर खोचला, सुनेशेजारी दगडावर बसल्या आणि गोधडी धुवायला घेतली. त्यानंतर म्हातारी असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी बाई जामला धुणं धुवायला जात. कॉलेजच्या हजेरीपटात त्या दिवशी त्यांची रजा लागत असे.

सून तसं बोलली त्याच दिवशी जामच्या लिंबाखाली एस. टी.ची वाट बघताना माझा धीर सुटला. मी तावातावानं विचारलं, "बाई, तिला जायचं होतं. सुनेचे हाल चाललेत. काऊन करता तुम्ही हे?" घरी आम्ही शुद्ध बोलत असू, पण बाईंशी भांडताना 'का'च्या जागी काऊनच तोंडात यायचं.

बाई रस्त्याकडे बघत होत्या. "मी सोळा वर्साची होती," त्या म्हणाल्या. "सासूले खाली घेतलं होतं. चौथ्या दिवशी मले म्हने, पोरी, भूक लागली, भाकर दे. मी सासऱ्याले इचारलं. थो म्हने, तिचं अन्न सरलं आता, देऊ नोको. मी तं भाकर टाकली होती. चुलीपाशी घेऊन बसली. ते तिकून हाका मारे, मी इकून आयको."

"मग?"

"मंग ते हाका माराची थांबली."

एस. टी. आली. गर्दी होती, आम्ही उभ्यानं आलो. मधला कुठलासा फाटा गेल्यावर बाई अचानक म्हणाल्या, "ते भाकर मी खाल्ली, देवतळे. मले बी भूक लागली होती." त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

शिक्षण संपल्यावर मी इकडे तिकडे नोकऱ्या केल्या आणि ऐंशी सालाच्या पुढे त्याच कॉलेजात शिकवायला परत आले. तोवर कॉलेज सुधारलं होतं. नवे प्राचार्य नव्या अभ्यासक्रमाचे मोठे भोक्ते होते. "वृद्धांच्या समस्या : स्वरूप व उपाय" असा पेपर लागला, त्याला पुस्तकं आली, प्रश्नपत्रिका आल्या. सातवी पास बाईनं पदव्युत्तर मुलांना शिकवणं नियमात बसत नव्हतं. बाईंना शाल, नारळ आणि एक छापील मानपत्र देऊन मोकळं केलं. मानपत्र मी लिहिलं होतं. अक्षर चांगलं होतं ना माझं! बाईंनी नारळ हातात तोलून पाहिला आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "दात पडल्यावर नारळ देते बाप्पा हे लोक."

त्यांच्या जागेवर मी आले. पहिल्या वर्षी मी मुलांना फरशीवर झोपवलं. एका मुलीच्या वडलांची तक्रार आली, प्राचार्यांनी मला बोलावून "हे शोभत नाही" असं सौम्य शब्दांत सांगितलं, आणि मी ते बंद केलं. नकाशेही पुढं मुलं एकमेकांचे बघून काढू लागली. मी सही करत गेले.

बाई पुलगावला भाच्याकडे राहायला गेल्या होत्या. भाचा रमेश तिथल्या कापडगिरणीत होता, बायको मंदा, घर दोन खोल्यांचं. मी वर्षातून एकदा जाऊन यायची. बाईंची बाज पहिल्या खेपेला आतल्या खोलीत खिडकीशी होती. दुसऱ्या खेपेला बाहेरच्या खोलीत. तिसऱ्या खेपेला मी बघितलं, ती पुढच्या सपरीत आली होती, बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा करून. बाईंनी माझी नजर पकडली.

"नकाशा काढून राह्यली काय?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. "मंदाची बहीण आली होती बाळंतपणाले. काढू नोको. माह्याजवळ लोटा हाये."

तोच तो जर्मनचा लोटा होता. मला फार वाईट वाटलं, पण मी रमेशला काही बोलले नाही. चांगली माणसं होती. दुसऱ्याच्या घरात कसं बोलणार, असं मी स्वतःला समजावलं.

नंतरच्या हिवाळ्यात रमेशचं कार्ड आलं, आत्या सिरीयस आहे, भेटून जा. मी पॅसेंजरनं गेले. अंगणात शिरले आणि पाय थबकले. बाज अंगणात भिंतीला उभी करून ठेवली होती. सपरीत शेजारच्या बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध, सतरंजीवर, बाई. उशाशी तुळस. लोटा कोनाड्यात वर ठेवलेला.

"केव्हा खाली घेतलं?" या वेळी मी विचारलं.

"परवा सकाळी," रमेश म्हणाला. "श्वास बंदच झालता, ताई. मंग सुरू झाला."

"काही खाल्लं त्यांनी?"

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. ते नवल मी पिपरीला पाहिलेलं होतं.

मला वाटत होतं, अशा वेळी आपण वाघिणीसारख्या पुढं होऊ. प्रत्यक्षात मी पाऊण तास त्या बायकांत बसून राहिले. मला भीती वाटत होती. लोकांची, रमेशची, उचलताना त्यांचा जीव गेला तर काय, याची. इतकी वर्षं मी हाच विषय शिकवत होते. मग बाईंनी डोळे उघडले. त्यांची नजर जमिनीलगत फिरली, एकेकीच्या पायांवरून, आणि माझ्या पायांशी येऊन थांबली.

"देव...तळे," त्या म्हणाल्या.

मी उठून त्यांच्या डोक्याशी मांडी घातली. दोन्ही हात त्यांच्या खांद्यांखाली सरकवले. काही वजनच नव्हतं; मी एकटीनं उचललं असतं. मान खाली घालून मी म्हणाले, "पायाशी कोण येते?"

एक म्हातारी शेजारीण "हे काय वंगाळ" म्हणत उठून गेली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. मी पुन्हा विचारलं. हातांना मुंग्या आल्या. रमेश खांबाला टेकून उभा होता. गिरणीचा भोंगा झाला तसा त्यानं डबा उचलला. "मले पाळी हाये. मी काही पाह्यलं नाई," असं म्हणून तो पायरी उतरून गेला. तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर मंदानं चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, पदराला हात पुसले, अंगणातली बाज ओढून सपरीत आणली आणि बाईंचे पाय धरले.

मंदानं पेज केली. चार चमचे गेले, पाचवा ओठांतून बाहेर आला. मी कोनाड्यातला लोटा काढून भरला आणि उजव्या हाताशी स्टुलावर ठेवला. संध्याकाळच्या गाडीला निघताना मी फाटकातून वळून पाहिलं. बाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि त्यांचा हात स्टुलावर लोट्याच्या काठाशी गेला होता. दुसऱ्यांच्या घरात बाजेपासून लोट्यापर्यंतचं अंतर त्या जसं हातानं तपासायच्या, तसा तो हात एकदा बाजेकडे आला आणि परत लोट्याकडे गेला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

पाचव्या दिवशी मरणाच्या खबरेचं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं. तेरवीला मी गेले. रमेशनं मला बसा म्हटलं नाही.

"आत्या बाजेवर गेली," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "खाली घ्याले टाइम भेटला नाई. भटानं शांती कराले सांगतली हाये, ते करीनच मी. पण तिले गती भेटन काय, हे कोण सांगीन मले? तुमी शिकलेले लोक येता, उचलता अन् गाडीत बसून जाता."

तो खोटं काय बोलत होता? मी ऐकून घेतलं. माफी मागितली नाही, कारण ती मागावी असं मनापासून वाटत नव्हतं, आणि बरोबर केलं असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. आजही येत नाही. पंगतीत बसायला कोणी बोलावलं नाही तेव्हा मी मागच्या दारी हात धुवायला गेले.

तिथं मंदा राखेनं भांडी घासत होती. मला बघून तिनं इकडे तिकडे पाहिलं, ढिगातून तो पोचे पडलेला लोटा काढला, विसळला आणि माझ्या हातात दिला.

"घेऊन जा, ताई. हे लोक फेकून देतीन." मग पुन्हा भांड्याकडे बघत ती म्हणाली, "झोपाच्या आंधी मी काठोकाठ भरून ठिवला होता. पहाटे उठली तं त्या गेल्या होत्या. कोणाले आवाज दिला नाई त्यायनं."

"आणि लोटा?"

"अर्धा होता," मंदा म्हणाली.